अहवालातील दुर्लक्षित ओळ
रक्तातील प्रतिपिंडे, यकृताचे विकार आणि कर्करोग

वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल घरी आला की बहुतेक कुटुंबांत तो एकाच पद्धतीने वाचला जातो. साखर किती, कोलेस्टेरॉल किती, हिमोग्लोबिन किती, एवढे पाहून झाले की कागद फाईलमध्ये जातो. यकृताच्या चाचण्यांच्या पानावर टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि ए/जी रेशो अशा चार ओळी असतात. त्यांच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. पेढीवरच्या हिशेबात एका रुपयाचा फरक आला तरी रात्री उशिरापर्यंत वह्या तपासणारी माणसे शरीराच्या हिशेबातील या चार ओळी मात्र न वाचताच सोडून देतात.

या दुर्लक्षामागे एक समजूतही आहे. यकृताचा विकार हा मद्यपींचा विकार, आपल्या घरात कोणी मद्याला शिवत नाही, तेव्हा आपल्याला त्याची धास्ती नाही, असे निर्व्यसनी कुटुंबांत गृहीत धरले जाते. मद्य हे यकृतनाशाचे एक मोठे कारण आहे, यात शंका नाही. परंतु ते एकमेव कारण नव्हे. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू माणसाचे आचरण पाहून शरीरात शिरत नाहीत. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, तो विकार पूर्ण शाकाहारी, निर्व्यसनी गृहिणीलाही होतो. यकृत फार सोशिक असल्यामुळे यांतील बहुतेक विकार वर्षानुवर्षे मूक राहतात. पोटात पाणी होऊन किंवा डोळे पिवळे होऊन ते प्रकट होतात, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. या मूक काळात रक्तातील प्रतिपिंडे पुष्कळदा काही सांगत असतात. ती काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने समजून घेण्याजोगे आहे.

दोन प्रथिने, दोन कारखाने

रक्तद्रवातील प्रथिनांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला अल्ब्युमिनचा. हे प्रथिन केवळ यकृतात तयार होते. दुसरा गट ग्लोब्युलिनचा. त्यातील मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर तयार करते त्या प्रथिनांचा असतो. प्रतिपिंडे यकृतात तयार होत नाहीत. अस्थिमज्जा, प्लीहा आणि लसिकाग्रंथी यांमधील प्लाझ्मा पेशी ती बनवतात. अहवालात त्यांचे आयजीजी, आयजीए, आयजीएम असे वर्ग दिसतात. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश भाग आयजीजीचा असतो.

निरोगी प्रौढाच्या रक्तात अल्ब्युमिन साधारणतः ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ग्लोब्युलिन साधारणतः २ ते ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असते. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा थोड्या बदलतात. अल्ब्युमिन अधिक आणि ग्लोब्युलिन कमी हा निसर्गक्रम आहे, म्हणून त्यांचे गुणोत्तर, म्हणजेच ए/जी रेशो, एकाहून अधिक असते. ते एकाखाली गेले, तर एक तर अल्ब्युमिन घटले आहे किंवा ग्लोब्युलिन वाढले आहे, किंवा दोन्ही एकाच वेळी घडले आहे.

यकृताच्या दीर्घकालीन विकारात, विशेषतः सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत आतून कठीण व गाठाळ होते त्या अवस्थेत, नेमके हे तिसरे घडते. यकृताची उत्पादनशक्ती घटल्याने अल्ब्युमिन कमी होते. प्रतिपिंडे का वाढतात, याचे कारण यकृताच्या दुसऱ्या कामात आहे. आतड्यातून येणारे रक्त प्रथम यकृतात जाते. त्या रक्ताबरोबर आलेले जिवाणूंचे अंश यकृतातील पेशी तेथेच गाळून घेतात. यकृत कठीण झाले की हे रक्त आडवाटेने, न गाळताच, शरीरभर फिरू लागते. मग प्लाझ्मा पेशींना सतत शत्रू आल्याची वर्दी मिळत राहते आणि प्रतिपिंडांचे उत्पादन वाढते. जकातनाका ओस पडला की माल तपासणीवाचून गावात शिरावा, तसाच हा प्रकार होय.

कोणता वर्ग वाढला आहे, यावरून कारणाचा माग काढता येतो. मद्यजन्य यकृतविकारात प्रामुख्याने आयजीए वाढते. स्वीडनचे वैद्य यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९५० मध्ये तरुण स्त्रियांमधील एका दीर्घकालीन यकृतदाहाचे वर्णन केले. या रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन फार वाढलेले आढळत असे. आज तो विकार ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणून ओळखला जातो. त्यात आयजीजी वाढते आणि स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झालेली एएनए व एएसएमए ही प्रतिपिंडे सापडतात. वेळीच निदान झाले तर प्रेडनिसोलोन आणि अझॅथायोप्रिन या औषधांनी हा विकार आटोक्यात राहतो. औषध लागू पडते आहे की नाही, हे ठरवतानाही आयजीजी पूर्ववत झाले का, ते पाहिले जाते.

तिसरा प्रकार मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांचा. अंगाला कारण नसताना खाज सुटते, सदैव थकवा वाटतो. घरचे लोक त्वचेच्या डॉक्टरांकडे जातात, हवामानाला दोष देतात, वयाचे कारण सांगतात. यकृतातील सूक्ष्म पित्तनलिकांचा नाश करणारा पीबीसी हा विकार असाच सुरू होतो. त्यात आयजीएम वाढते आणि दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत एएमए हे प्रतिपिंड सापडते. लंडनमध्ये डेबोरा डोनिआक, शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हा संबंध दाखवून दिला. आता एका रक्तचाचणीवर संशय पक्का होऊ शकतो आणि अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत विकाराची गती मंदावते.

वाढ पसरट की टोकदार?

ग्लोब्युलिन वाढले म्हणजे यकृतच बिघडले, असे मात्र नाही. क्षयरोग, दीर्घकाळ राहिलेला अन्य संसर्ग, संधिवाताचे काही प्रकार यांतही ते वाढते. आणि कधी कधी त्यामागे कर्करोग असतो. हा भेद ओळखण्यासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस नावाची चाचणी आहे. विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने प्रथिने वेगवेगळी करण्याच्या या तंत्रातील संशोधनासाठी स्वीडनच्याच आर्ने टिसेलियस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या चाचणीत प्रथिनांचा एक आलेख उमटतो. संसर्गात किंवा यकृतविकारात अनेक प्रकारच्या प्लाझ्मा पेशी एकाच वेळी कामाला लागतात, म्हणून नाना तऱ्हेची प्रतिपिंडे वाढतात आणि आलेखावर टेकडीसारखा पसरट उंचवटा दिसतो. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात एकाच प्लाझ्मा पेशीची संतती अनिर्बंध वाढते. त्या सर्व पेशी एकच एक प्रतिपिंड बनवतात, म्हणून आलेखावर सुळक्यासारखे टोक उभे राहते. त्याला एम-प्रोटीन म्हणतात. पसरट वाढ आणि टोकदार वाढ हा भेद साठच्या दशकाच्या आरंभी वाल्डेनस्ट्रॉम यांनीच स्पष्ट मांडला.

या कर्करोगाच्या इतिहासात एका व्यापाऱ्याला मानाचे स्थान आहे. १८४५ मध्ये लंडनमधील एक प्रतिष्ठित व्यापारी, वय ४५, असह्य हाडदुखी आणि थकव्याने अंथरुणाला खिळला. त्याच्या लघवीत काहीतरी विचित्र होते. ती तापवली की पदार्थ साकळे आणि उकळी आली की पुन्हा विरघळे. वैद्यांनी नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवला. त्यांनी ते प्रथिन असल्याचे ओळखले आणि १८४७ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. व्यापारी १८४६ च्या आरंभीच मरण पावला होता. ते प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाचाच एक तुकडा असतो, हे सिद्ध व्हायला १९६२ साल उजाडावे लागले. कर्करोगाचा रक्त-लघवीतून माग काढण्याच्या शास्त्रातील हे पहिले पाऊल मानले जाते.

ही कथा आजच्या पेढ्यांनाही लागू आहे. गादीवर दिवसभर बसणाऱ्या ज्येष्ठांची पाठ दुखतेच, असे म्हणून ती दुखणी मलम आणि शेकावर निभावून नेली जातात. परंतु साठीनंतर न हटणारी पाठदुखी, त्यासोबत कमी होत जाणारे हिमोग्लोबिन, वाढते क्रिएटिनिन आणि अहवालात वाढलेले ग्लोब्युलिन, या चार गोष्टी एकत्र दिसल्या तर मायलोमाची शंका घेऊन तपासणी करणे आवश्यक ठरते. अशा वेळी वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेत राहिल्यास आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांची हानी वाढते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आलेखात छोटे टोक दिसले म्हणजे कर्करोग झालाच, असे मुळीच नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या पाहणीत ५० वर्षांवरील सुमारे ३ टक्के लोकांत असे लहान टोक आढळले. या अवस्थेला एमजीयूएस म्हणतात. मेयो क्लिनिकचे डॉ. रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये तिला हे नाव दिले. अशा शंभर जणांपैकी वर्षाला साधारण एकाचेच रूपांतर कर्करोगात किंवा तत्सम विकारात होते. अनेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मुदतीने तपासणी करणे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते.

रोजमेळ आणि खतावणी

आतापर्यंत प्रतिपिंडांच्या एकूण पातळीचा विचार झाला. त्याखेरीज विशिष्ट विषाणूविरुद्धची प्रतिपिंडेही मोजता येतात. त्यांचा अर्थ लावताना एक साधा नियम उपयोगी पडतो. नवा संसर्ग होताच प्रथम आयजीएम तयार होते आणि काही महिन्यांत ओसरते. आयजीजी मागाहून येते आणि दीर्घकाळ टिकते. आयजीएम म्हणजे रोजमेळातील आजची नोंद आणि आयजीजी म्हणजे खतावणीतील कायमची नोंद, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

दिल्लीत १९५५-५६ मध्ये सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ए ची साथ असावी, असे दीर्घकाळ मानले गेले. जपून ठेवलेले त्या काळचे रक्तनमुने पुढे तपासण्यात आले. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता. रुग्णांत हिपॅटायटिस ए ची प्रतिपिंडे होती, पण ती जुनी होती, नव्या संसर्गाची खूण नव्हती. १९८० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साथ एका निराळ्याच विषाणूची होती. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. पंचवीस वर्षांनंतरही रक्तातील नोंदीने खरी साक्ष दिली.

हिपॅटायटिस बी चा शोधही एका प्रतिपिंडामुळेच लागला. बारूक ब्लुमबर्ग हे अमेरिकन संशोधक, वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णांची प्रतिपिंडे जगभरच्या रक्तनमुन्यांशी ताडून पाहत होते. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाचे प्रतिपिंड ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्ताशी जुळले. त्या रक्तातील अज्ञात पदार्थाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे नाव मिळाले. तोच हिपॅटायटिस बी विषाणूचा पृष्ठभाग असल्याचे पुढे उमगले. आज अहवालात ‘एचबीएसएजी’ म्हणून जे लिहितात ते हेच. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिन, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

हा विषाणू आणि यकृताचा कर्करोग यांचे नाते तैवानमध्ये स्पष्ट झाले. तेथील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीत, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एचबीएसएजी असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा २०० पटींहून अधिक होता. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांचे लसीकरण सुरू केले. पुढील दशकात तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. लसीने कर्करोग टाळता येतो, याचा हा पहिला मोठा पुरावा ठरला.

तीन नोंदी, तीन अर्थ

हिपॅटायटिस बी च्या अहवालात तीन शब्दांचा गोंधळ होतो. एचबीएसएजी हा विषाणूचा अंश आहे. तो पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आज शरीरात आहे. अँटी-एचबीएस हे संरक्षक प्रतिपिंड आहे. ते १० एककांहून अधिक असणे ही चांगली गोष्ट आहे, लस लागू पडल्याची किंवा आजार बरा झाल्याची ती खूण आहे. अँटी-एचबीसी हे प्रतिपिंड लसीने तयार होत नाही. ते असेल तर विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला किंवा अजून आहे, असा अर्थ होतो. ज्यांच्यात ते आढळते त्यांनी कर्करोगाची केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, कारण दबलेला विषाणू अशा वेळी पुन्हा उसळू शकतो.

हिपॅटायटिस सी विरुद्धचे प्रतिपिंड, म्हणजे अँटी-एचसीव्ही, संरक्षण देत नाही. ते केवळ गाठ पडल्याची नोंद असते. विषाणू सध्या आहे की नाही, हे एचसीव्ही आरएनए चाचणीनेच कळते. आजच्या गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत १०० पैकी ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात. मात्र बरे झाल्यावरही प्रतिपिंड वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहते. कर्ज फिटले तरी खतावणीतील जुनी नोंद पुसली जात नाही, तसेच हे. म्हणून बरा झालेला माणूस पुन्हा तीच चाचणी पाहून घाबरला, तर ती भीती निराधार आहे. दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी तपासणी आपल्या देशात या शतकाच्या आरंभी सक्तीची झाली. त्यापूर्वी शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात ज्यांना रक्त द्यावे लागले, त्यांनी ही चाचणी एकदा करून घ्यावी.

घरातील वागणूक

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आले की अनेक घरांत पहिली गोष्ट होते ती त्या व्यक्तीचे ताट-वाटी वेगळे करण्याची. दुसरी गोष्ट लपवालपवीची, आणि विवाहयोग्य मुला-मुलींच्या बाबतीत जुळत आलेला संबंध मोडण्याची. या तिन्ही गोष्टी अज्ञानातून घडतात. हा विषाणू एका पंक्तीत जेवल्याने, एका भांड्यातले पाणी प्यायल्याने किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून, लैंगिक संबंधातून आणि मातेकडून बाळाकडे जातो. वस्तरा, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे साधन एवढे स्वतंत्र ठेवावे. विवाहापूर्वी गोष्ट मोकळेपणाने सांगावी. जोडीदाराने ०, १ आणि ६ महिने अशा क्रमाने लसीचे तीन डोस घेतले आणि अँटी-एचबीएस पुरेसे वाढले, की तो सुरक्षित होतो. सांगण्याचा संकोच जितका टाळता येईल तितके बरे, कारण हा प्रश्न पुढच्या पिढीचाही आहे.

प्रौढपणी संसर्ग झाला तर बहुतेकांचे शरीर विषाणू हुसकावून लावते. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बालकांपैकी सुमारे ९० टक्क्यांत मात्र तो कायमचा मुक्काम करतो. म्हणून गरोदर सुनेची किंवा मुलीची एचबीएसएजी चाचणी कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. माता पॉझिटिव्ह असेल तर जन्मानंतर १२ तासांच्या आत बाळाला लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देतात. एरवीही प्रत्येक बाळाला पहिल्या २४ तासांत लसीचा डोस मिळाला पाहिजे. २८ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर या विकारांची तपासणी आणि औषधे विनामूल्य उपलब्ध आहेत.

साक्षीची मर्यादा

प्रतिपिंडे साक्षीदार आहेत. निवाडा डॉक्टरांनी, इतर पुरावे पाहून करायचा असतो. ग्लोब्युलिन सामान्य आहे म्हणून यकृत निरोगी, असा निष्कर्ष काढता येत नाही. तूप, मिठाई, बैठे काम आणि मधुमेह यांच्या संगतीने वाढणाऱ्या फॅटी लिव्हरमध्ये आरंभी ही पातळी पुष्कळदा बदलत नाही. यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठीही वेगळा मार्ग आहे. सिरोसिस झालेल्यांनी, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी ज्यांना डॉक्टर सांगतील त्यांनी, दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी लागते. तिच्या जोडीला एएफपी ही रक्तचाचणी करतात. एएफपी हे प्रतिपिंड नव्हे, ते निराळे प्रथिन आहे.

कुटुंबाने करावयाचे काम सोपे आहे. प्रत्येक सदस्याचे अहवाल तारखेनुसार एकत्र ठेवावेत. एका आकड्याने फारसे कळत नाही. तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की ग्लोब्युलिन चढत आहे की अल्ब्युमिन उतरत आहे, ते दिसते. ए/जी रेशो एकाखाली असेल किंवा ग्लोब्युलिन मर्यादेबाहेर असेल, तर डॉक्टरांना त्या ओळीविषयी स्वतःहून विचारावे. एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या चाचण्या प्रत्येक प्रौढाने आयुष्यात निदान एकदा कराव्यात. समाजाच्या आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाबाबरोबर या दोन चाचण्यांचा समावेश झाला, तर त्याचा खर्च फार नाही आणि लाभ मोठा आहे.

दिवाळीला जुन्या वह्या बंद करून नव्या वह्यांचे पूजन करण्यापूर्वी वर्षाचा ताळेबंद पाहण्याची रीत व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच दिवसांत घरातील सर्वांच्या अहवालांची फाईल एकदा उघडावी आणि त्या चार ओळींवर बोट ठेवून पाहावे. अर्धा तास पुरेसा आहे.